कमीत कमी म्हणजे दोन जीबी

लिनक्सच्या कर्नलचं एक बरं असतं. तो मरतो तो कारण सांगून मरतो. काळ्या पडद्यावर आधी 'कर्नल पॅनिक' अशी घोषणा होते. त्याच ओळीत कारण. खाली कोणत्या फंक्शनला कोणी बोलावलं होतं याची वंशावळ. आणि सगळ्यात शेवटी 'पॅनिक समाप्त' अशा अर्थाची एक ओळ, दोन्ही बाजूंना तीन-तीन रेघा मारून. प्रस्तावना, कारणमीमांसा आणि समारोप असलेलं मरण भल्याभल्यांच्या नशिबी नसतं. एवढं उरकलं की तो स्वस्थ बसतो. वेगळी सूचना दिलेली नसेल तर कोणी वीज बंद करेपर्यंत बसून राहतो.

कारण वाचल्यावर मात्र कपाळाला हात लावावासा वाटतो. तीन कोटींहून अधिक ओळींचा हा प्रोग्राम. अँड्रॉइड फोनपासून जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांपर्यंत सगळीकडे याचंच राज्य. चालू झाला की दोन-चार सेकंदांत तो मेमरी मोजतो, प्रोसेसरच्या एकेका कोअरला उठवतो, जोडलेल्या उपकरणांची हजेरी घेतो, घड्याळ लावतो, नेटवर्कची तयारी करतो. अहवालाच्या शेकडो ओळी पडद्यावरून सरसर वर निघून जातात. आणि मग हा सर्वशक्तिमान एक फाईल मागतो. फाईलचं नाव इनिट. अगदीच हेकट आहे असंही नाही. डिस्कवर '/एसबिन/इनिट' नसेल तर '/ईटीसी/इनिट' बघतो, ती नसेल तर '/बिन/इनिट', आणि तीही नसेल तर 'निदान कमांड देण्यापुरता शेल तरी द्या' म्हणून '/बिन/एसएच'कडे वळतो. चारही दारं बंद दिसली की 'चालण्याजोगी इनिट सापडली नाही' असं नोंदवून प्राण सोडतो. केलेली सगळी तयारी पाण्यात.

यात त्याचा दोष नाही, त्याचा हुद्दाच तसा आहे. मेमरी कोणाला किती, प्रोसेसरवर आता कोणाची पाळी, डिस्कला हात कोणी लावायचा, हे सगळं कर्नल ठरवतो. पण ज्यांच्यासाठी ठरवायचं ती मंडळी बाहेरून यावी लागतात. स्वतःहून तो तुम्हाला दोन आणि दोनची बेरीजसुद्धा करून देणार नाही. त्या मंडळींतली पहिली म्हणजे इनिट, प्रोसेस क्रमांक १. बाकीचे सगळे प्रोग्राम तिची लेकरं, नातवंडं, आणि ज्यांचे आईबाप मधेच गेले अशी दत्तक घेतलेली पोरं. तीच नसेल तर व्यवस्था पाहायची कोणाची?

त्यामुळे कर्नलमध्ये एका ओळीचा बदल करून तो चालतो का एवढं पाहायचं असलं, तरी आधी त्याच्यापुढे एक फाइलसिस्टिम मांडावी लागते. पूर्ण उबुंटू नको. त्यात वॉलपेपर असतो, ब्लूटूथ असतं, आणि एकही प्रिंटर नसताना प्रिंटरची वाट पाहत बसलेली एक सेवा असते. बदल चुकला की यातलं नक्की कोण रुसलं ते कळत नाही. म्हणून कमीत कमी फाइलसिस्टिम. पुण्यात हिंजवडीपासून खराडीपर्यंत हा उद्योग करणारी माणसं बरीच सापडतात. त्यांना ओळखायची खूण सोपी आहे. 'मशीन चालू झालं का?' असं विचारलं की ती हो किंवा नाही म्हणत नाहीत. 'इनिटपर्यंत पोचलं' म्हणतात.

हा प्रयोग स्वतःच्याच संगणकावर का करू नये, हा प्रश्न प्रत्येकाला एकदाच पडतो. १९९१ मध्ये हेलसिंकीत लिनस टोरवाल्ड्स नावाचा विद्यार्थी आपल्या एकुलत्या एक पीसीवर हेच करत होता. मोडेमकडे जायचा डायलिंगचा मजकूर त्याच्या हातून हार्ड डिस्ककडे गेला, आणि ज्या मिनिक्स नावाच्या सिस्टिमच्या आधाराने काम चाललं होतं त्याचंच पार्टिशन खराब झालं. मिनिक्स पुन्हा टाकण्याऐवजी त्याने स्वतःची सिस्टिम पुरी करायचं ठरवलं. जगाचं भलं झालं. पण प्रत्येकाची डिस्क उडाल्यावर जगाचं भलं होईलच असं सांगता येत नाही.

पुढे १९९२ च्या सुमारास एच. जे. लू यांनी दोन फ्लॉप्यांची जोडी तयार केली. एका फ्लॉपीत कर्नल, दुसरीत अगदी मोजकी फाइलसिस्टिम. पहिली वाचून झाली की कर्नल थांबायचा आणि 'आता रूटची फ्लॉपी घाला आणि एंटर दाबा' असं सांगायचा. कर्नलने माणसाकडे इतक्या साध्या शब्दांत काही मागितलं असा तो काळ. आता फ्लॉपी गेली. २००३ मध्ये फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरने क्यूइमू आणलं. खोटा प्रोसेसर, खोटी मेमरी, खोटी डिस्क, आणि हे सगळं एका खिडकीत. कर्नलला त्यात हवं तितक्या वेळा मरू द्यावं. खऱ्या डिस्कला धक्का लागत नाही आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाला पत्ताही लागत नाही.

तर कमीत कमी म्हणजे किती? कर्नलच्या स्वतःच्याच कागदपत्रांत रॉब लँडली यांनी २००५ मध्ये लिहिलेलं एक टिपण आहे. त्यात इनिटचा एक नमुना दिला आहे. सी भाषेतल्या कामाच्या ओळी दोन. पहिली ओळ जगाला नमस्कार करते. दुसरी झोपते. किती वेळ? ९९,९९,९९,९९९ सेकंद. हिशोब केला तर साडेएकतीस वर्षांहून थोडं जास्तच भरतं. बस्स, एवढी फाईल दिली की कर्नल तृप्त. ना शेल, ना लॉगिन, ना वॉलपेपर. पडद्यावर नमस्काराची एक ओळ आणि पुढे तीन दशकांची शांतता.

ती झोपेची ओळ उगीच वाटते. नवशिका माणूस ती काढून टाकतो, कारण नमस्कार करून झाल्यावर काम तर संपलेलंच आहे. मग कर्नल चालू होतो, नमस्कार उमटतो आणि पाठोपाठ पॅनिक. कारण काय, तर 'इनिटला मारण्याचा प्रयत्न झाला'. पुढे एक्झिट कोड छापलेला असतो. शून्य-एक्स आणि त्यापुढे आठ शून्यं. लिनक्समध्ये शून्य म्हणजे सगळं सुरळीत, कोणाची काही तक्रार नाही. म्हणजे इनिटने नेमून दिलेलं काम नीट पार पाडलं, यशस्वी झाल्याचं रीतसर कळवलं आणि ती निघून गेली. आणि कर्नलने खुनाच्या प्रयत्नाची नोंद करून स्वतः देह ठेवला. अपयशी इनिट त्याला चालत नाहीच, पण काम संपवणारीही चालत नाही. तिने फक्त असायला हवं.

नमस्कार आणि झोप यांनी फार काळ कोणाचं समाधान होत नाही. निदान काही कमांड देता याव्यात म्हणून माणूस आपल्याच लॅपटॉपवरचा बॅश नावाचा शेल उचलतो, इनिट असं नाव देऊन नव्या घरात ठेवतो. कर्नल सांगतो, 'इनिट चालवता आली नाही, एरर उणे २.' उणे २ म्हणजे अशी फाईल नाही. फाईल तर तिथेच असते. यादी काढली की दिसते, आकार दिसतो, तारीख दिसते. माणूस पुन्हा कॉपी करतो. पुन्हा उणे २. पुन्हा यादी, आणि फाईल पुन्हा तिथेच. या अवस्थेत भले भले इंजिनियर स्क्रीनशी बोलताना पाहिले आहेत.

खरी गोष्ट अशी की बॅश एकटा चालत नाही. त्याला उचलून मेमरीत मांडणारा एक लोडर लागतो, आणि त्या लोडरचा पत्ता बॅशच्या पोटात लिहिलेला असतो. नव्या घरात तो लोडर नसतो. कर्नल मात्र जी फाईल नाही तिचं नाव घेत नाही. जी आहे ती नाही म्हणतो. बरं, लोडर आणून दिला तर तो सी लायब्ररी मागतो, ती दिली तर टर्मिनलची लायब्ररी मागतो. 'एलडीडी' नावाची कमांड ही सगळी यादी एकदम काढून देते, पण ती आठवते तोवर अर्ध्या लायब्रऱ्या हाताने आणून झालेल्या असतात. याच्यावर उतारा म्हणजे स्टॅटिक बांधणी, म्हणजे लागेल ते सगळं फाईलच्याच पोटात. या गावात आणखी दोन आकडे माहीत असलेले बरे. इनिट ही शेलची स्क्रिप्ट असेल आणि पहिली ओळ लिहायची राहिली असेल तर उणे ८. चालवण्याची परवानगी द्यायची राहिली तर उणे १३. बाकी बहुतेक वेळा उणे २च.

या सगळ्यातून सोडवणारा महापुरुष म्हणजे बिझीबॉक्स. ब्रूस पेरेन्स यांनी तो १९९५ मध्ये लिहिला. डेबियनचा इन्स्टॉलर आणि बिघडलेली सिस्टिम दुरुस्त करायची हत्यारं हे सगळं १.४४ मेगाबाइटच्या एका फ्लॉपीत बसवायचं होतं. शंभर कमांडच्या शंभर फायली ठेवायला जागा नव्हती, म्हणून सगळ्यांची मिळून एकच फाईल केली. बाकी नुसत्या नावांच्या पाट्या, सगळ्या त्याच एका फाईलकडे बोट दाखवणाऱ्या. हाक कोणत्या नावाने आली ते पाहून ही फाईल त्या सोंगात शिरते. 'एलएस' म्हटलं की यादी काढते, 'सीपी' म्हटलं की कॉपी करते, 'व्हीआय' म्हटलं की एडिटर होऊन बसते. आचार्य अत्र्यांच्या 'तो मी नव्हेच'मध्ये प्रभाकर पणशीकर एकटे पाच भूमिका करायचे. इथे एकटी फाईल तीनशेहून जास्त भूमिका करते, आणि तेही फिरत्या रंगमंचाशिवाय. फरक एवढाच, की लखोबा लोखंडे सगळी नावं नाकारायचा आणि बिझीबॉक्स सगळी नावं कबूल करतो. बांधताना एखादी भूमिका वगळली असेल आणि नेमक्या त्याच नावाने हाक मारली, तर मात्र तोही 'असा अ‍ॅपलेट इथे नाही' म्हणून कानावर हात ठेवतो.

या भूमिकांमध्ये 'ट्रू' आणि 'फॉल्स' नावाच्या दोन आहेत. ट्रू काहीही न करता यशस्वी होते. फॉल्स काहीही न करता अपयशी होते. बाइट-बाइट वाचवायला बसलेल्या माणसांनीही या दोघींना कधी घराबाहेर काढलं नाही. स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांचं त्यांच्यावाचून अडतं. आणि बिझीबॉक्स बांधताना स्टॅटिकचा पर्याय आपण होऊन चालू नसतो, तो सेटिंगमध्ये जाऊन निवडावा लागतो. ज्याने निवडला नाही, तो फिरून उणे २ पाशी येतो.

सामान जमलं की बांधाबांध. कर्नलला हे बोचकं सीपीआयओ या पद्धतीने बांधलेलं लागतं. एटी अँड टीच्या युनिक्सपासून चालत आलेली ही पद्धत. सगळं जग टार वापरतं, पण टारचे पोटभेद फार, म्हणून कर्नलवाल्यांनी सीपीआयओ धरलं. हे बोचकं कधी उघडून पाहिलं नसेल तर जरूर पाहावं. प्रत्येक फाईलच्या डोक्यावर ०७०७०१ हे सहा आकडे, मग आकार, तारीख, परवानग्या वगैरे रुक्ष तपशील. पानंच्या पानं हेच. आणि सगळ्यात शेवटी, आता काही उरलं नाही हे कळावं म्हणून, एका नसलेल्या फाईलचं नाव येतं: 'ट्रेलर', ठळक मोठ्या अक्षरांत, पुढे तीन उद्गारचिन्हं. त्या सगळ्या रुक्षपणात कोणीतरी एकदाच ओरडून घेतलं आहे, आणि दशकं उलटली तरी जगभरचे कर्नल तो ओरडा ऐकूनच थांबतात.

बांधताना योग्य डिरेक्टरीत उभं राहावं लागतं, कारण बोचक्यात कर्नल इनिट थेट दाराशी, म्हणजे '/इनिट' या नावाने, शोधतो. एक पायरी वर उभं राहून बोचकं बांधलं तर इनिट '/इनिट' न राहता '/रूटएफएस/इनिट' होते. कर्नल आत डोकावतो, दाराशी इनिट दिसत नाही, म्हणून ती डिस्कवर असेल असं धरून डिस्क शोधायला जातो. डिस्क दिलेलीच नसते. मग तो 'अज्ञात ब्लॉक (०,०) वरून रूट जोडता आलं नाही' असं सांगून मरतो. ही ओळ वाचली की दहातले नऊ जण डिस्कच्या ड्रायव्हरवर संशय घेतात. एकामागून एक ड्रायव्हर चालू करून कर्नल पुन्हापुन्हा बांधतात, चहा होतो, दुसरा चहा होतो. ड्रायव्हर बिचारे निर्दोष असतात. माणूस चुकीच्या डिरेक्टरीत उभा असतो.

शेवटी एकदाचं सगळं जुळतं. क्यूइमूला कर्नल देतात, बोचकं देतात, आणि पडदा कोरा राहतो. कारण कर्नल बोलतोय, पण खोट्या मॉनिटरशी. आपण ऐकतोय सीरियल पोर्टवर. कन्सोल म्हणजे टीटीवाय-एस-शून्य, असं त्याला सांगावं लागतं. मग एक '#' उमटतो. त्याच्या आधी शेलची एक कुरकुर येते, की टर्मिनल नीट मिळालं नाही, जॉब कंट्रोल बंद आहे. म्हणजे कंट्रोल-सी दाबून काही थांबणार नाही. तिकडे दुर्लक्ष करून माणूस आनंदाने 'पीएस' लिहितो. उत्तर येतं, '/प्रॉक' नाही. कोणते प्रोग्राम चालले आहेत ते '/प्रॉक'मध्ये दिसतं, आणि '/प्रॉक' आपण जोडलेलंच नाही. जोडायला जावं तर ते जोडायची रिकामी डिरेक्टरी केलेली नाही. तेच '/सिस'चं आणि तेच '/डेव्ह'चं. म्हणून अनुभवी लोक आधी तीन रिकाम्या डिरेक्टऱ्या करतात. सगळ्यात छोट्या घरातसुद्धा तीन खोल्या रिकाम्याच ठेवाव्या लागतात.

इथे थांबावं. पण थांबतं कोण? 'एक एसट्रेस असावं, सिस्टिम कॉल दिसतील.' ठेवलं. 'फाइली आतबाहेर करायला एसएसएच असावं.' ठेवलं. एसएसएचला किल्ल्या लागतात, किल्ल्यांना युजर लागतो, युजरला पासवर्डची फाईल लागते. 'चाचण्यांच्या स्क्रिप्ट पायथनमध्ये आहेत.' पायथन आलं, आणि त्याचं सगळं गणगोत आलं. पॅकेज हाताने कोण आणणार, म्हणून पॅकेज मॅनेजर आला. कर्नलमधल्या चुका हुडकून काढण्यासाठी गूगलचं सिझकॉलर नावाचं एक नामांकित हत्यार आहे. त्याच्याबरोबर डिस्कची प्रतिमा तयार करणारी स्क्रिप्ट मिळते. ती स्क्रिप्ट स्वतःविषयी लिहिते, की मी मिनिमल डेबियन तयार करते. प्रतिमेचा ठरलेला आकार, आपण काही वेगळं सांगितलं नाही तर, २ जीबी. बिझीबॉक्स ज्या फ्लॉपीसाठी जन्माला आला, तशा चौदाशे फ्लॉप्या. आणि गंमत म्हणजे स्क्रिप्टचं काही चुकलेलं नाही. तिला एसएसएच हवं आहे, हत्यारं हवी आहेत, दिवसरात्र चालणारी चाचणी हवी आहे. एवढ्या कामाला कमीत कमी तेवढंच लागतं.

याच्या उलट टोकाला काटकसरवाले. कर्नल बांधताना ते 'टायनीकॉन्फिग' लावतात, म्हणजे जे काढता येईल ते सगळं काढलेलं. मग ते इतकं काढलं जातं, की छापायची सोयही राहत नाही, आणि कर्नल मेला तरी का मेला ते कळत नाही. पुढचे कित्येक तास एकेक गोष्ट परत ठेवण्यात जातात. तयार झालं की '९०० केबीत बसवलं' असं ते चारचौघांत सांगतात. ऐकणाऱ्याच्या लॅपटॉपला १६ जीबी मेमरी असते, सांगणाऱ्याच्या ३२.

दोन्ही टोकं पाहिल्यावर एकच निकाल देता येतो. कर्नलची गरज मेगाबाइटभरात भागते. त्याला एक फाईल हवी, ती सापडेल अशा जागी हवी, आणि ती संपता कामा नये. बाकी दोन जीबी आपल्या सोयीचे असतात आणि बिल त्याच्या नावावर फाडलं जातं.

तेव्हा वाचकहो, संगणकाशी थोडीफार सलगी असेल तर हा उद्योग एकदा जरूर करून पाहा. पैसे लागत नाहीत, सगळं फुकट मिळतं. बिझीबॉक्स स्टॅटिक बांधा, बोचकं आत उभं राहून बांधा, कन्सोल सांगायला विसरू नका. '#' दिसला की जीव भरेपर्यंत खेळा. फक्त निघताना सवयीने 'एक्झिट' लिहू नका. तिथे तुमचा शेल हाच इनिट असतो, तुम्ही उठलात की पॅनिक. नुसतं 'पॉवरऑफ' लिहून काहीच होणार नाही, कारण तो निरोप इनिटकडे जातो आणि शेलला तो कळत नाही. 'पॉवरऑफ'च्या पुढे 'उणे एफ' जोडा. तेवढ्यावर मात्र कर्नल ऐकतो.